आवृत्तिबदल, आज्ञावली-लेखनसाधनांचा

संगणकाची आज्ञावली लिहिण्यासाठी व चालविण्यासाठी संगणकीय भाषा, त्या भाषेतील मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर वा इंटरप्रिटर, लायब्ररी या नावाने ओळखले जाणारे तयार उपआज्ञावलींचे संच आणि लेखन-संपादनाची सोय अशी अनेक साधने लागतात. या साधनांची प्रचलित आवृत्ती सोडून त्यांचीच नवी आवृत्ती स्वीकारणे, याला आवृत्तिबदल म्हणतात [→ संगणक]. यंत्राचा भाग झिजतो म्हणून तो बदलावा लागतो. आज्ञावली झिजत नाही. तीस वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञावली आजही त्याच आज्ञा त्याच क्रमाने देते. तथापि तिच्या भोवतीचे संगणक, ऑपरेटिंग सिस्टीम, जोडलेली जाळी आणि ती वापरणारी माणसे बदलत असतात. त्यामुळे न बदललेली आज्ञावलीही कालांतराने परिसराशी विसंगत ठरते. नवी आवृत्ती केव्हा घ्यावी, घ्यावी की नाही, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक वाटला, तरी त्याचे उत्तर बहुधा त्या साधनावर काय काय उभे आहे यावरून ठरते.

आवृत्तिक्रमांक : आवृत्ती सामान्यतः टिंबांनी विभागलेल्या दोन वा तीन अंकांनी दर्शवितात. शेवटचा अंक वाढल्यास केवळ दोष दुरुस्त झाले, मधला वाढल्यास जुन्याला धक्का न लावता नव्या सोयी आल्या आणि पहिला वाढल्यास जुनी आज्ञावली जशीच्या तशी चालेलच असे नाही, असा संकेत आहे. हा संकेत सर्वच निर्माते पाळतात असे नाही. पहिला अंक कित्येकदा विक्रीच्या सोयीसाठीही वाढविला जातो. डॉनल्ड क्नूथ यांनी टेक या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीसाठी वेगळाच मार्ग पत्करला. तिची प्रत्येक नवी आवृत्ती π या संख्येचा आणखी एक दशांश अंक घेते आणि २०२१ मध्ये हा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा झाला. यापुढे सोयी वाढणार नाहीत, केवळ चुका दुरुस्त होतील, असे त्यातून सूचित होते. अशी स्थिरता बहुतेक साधनांच्या वाट्यास येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : संगणक बदलला म्हणजे आज्ञावली नव्याने लिहावयाची, अशी प्रारंभीची स्थिती होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा संगणक आला. एका यंत्राची यंत्रभाषा दुसऱ्यास कळत नसल्याने अशा प्रसंगी जुन्या कामाचे पुनर्लेखन अटळ असे. फोर्ट्रानसारख्या उच्चस्तरीय भाषांनी ही अडचण दूर केली, पण तिच्या जागी दुसरी निर्माण केली. आता यंत्रांऐवजी भाषेच्याच आवृत्त्या निघू लागल्या. फोर्ट्रानचे प्रमाणीकरण १९६६ मध्ये झाले. पुढे फोर्ट्रान ७७ व फोर्ट्रान ९० ही प्रमाणे आली आणि फोर्ट्रान ७७ मधील सर्व रचना फोर्ट्रान ९० मध्ये कायम ठेवण्यात आल्या. जुन्याचा असा सांभाळ करणाऱ्या भाषेत आवृत्तिबदलाचा निर्णय सोपा असतो. याउलट मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ (१९९८) या लोकप्रिय साधनानंतर २००२ मध्ये आलेली व्हिज्युअल बेसिक डॉट नेट ही नावाने पुढची आवृत्ती असली, तरी प्रत्यक्षात वेगळीच भाषा होती. जुन्या आज्ञावली तीत सरळ नेता येत नसल्याने अनेकांनी जागचे हलणे नाकारले.

महाराष्ट्रातील टर्बो सी++ : न केलेल्या आवृत्तिबदलाचे ठळक उदाहरण म्हणून महाराष्ट्रातील, किंबहुना सर्व भारतातील, संगणकशिक्षणाकडे बोट दाखविता येईल. बोरलँड या अमेरिकन कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये व टर्बो सी++ १९९० मध्ये बाजारात आले. १९९१ मधील टर्बो सी++ ३.० ही आवृत्ती डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी होती. निळ्या पडद्यावर मजकूर लिहिणे, त्याचे रूपांतर करणे, चूक कोणत्या ओळीत आहे ते पाहणे व मदतीची पाने उघडणे, ही सर्व कामे तीत एकाच ठिकाणी होत. अल्प स्मृतीच्या साध्या संगणकावरही ती वेगाने चाले. प्रयोगशाळेतील संगणक मोजके व जुने असण्याच्या काळात हे गुण फार मोलाचे होते आणि तिची निवड त्या वेळी योग्यच होती.

अडचण पुढे उद्‌भवली. सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे टर्बो सी++ ३.० नंतर सात वर्षांनी. त्यानंतर २०११, २०१४, २०१७ व २०२० या वर्षांच्या नावांनी ओळखली जाणारी सुधारित प्रमाणे आली. मधल्या काळात भाषा इतकी बदलली, की १९९१ च्या साधनावर शिकलेली सी++ ही तिची एक लुप्त बोलीच म्हणावी लागेल. टर्बो सी++ ३.० मध्ये अपवाद-हाताळणीची सोय नाही, सत्य-असत्य दर्शविणारा स्वतंत्र प्रकार नाही, नावांची विभागणी करणाऱ्या नेमस्पेसची व्यवस्था नाही आणि प्रमाण लायब्ररीही नाही. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही फाईल जोडून आज्ञावलीचा प्रारंभ करण्याची तीत रूढ झालेली पद्धत प्रमाणाने स्वीकारली नाही. जीसीसी या मुक्त कंपायलरने अशा जुन्या फाईली आवृत्ती ४.३ पासून (२००८) काढूनच टाकल्या. पडदा पुसणे, कळ दाबेपर्यंत थांबणे यांसाठी विद्यार्थी ज्या आज्ञा पाठ करीत, त्या सी++ भाषेच्या नसून बोरलँडने डॉससाठी दिलेल्या होत्या.

या अंतराचे स्वरूप एका छोट्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. दिलेल्या संख्येचे क्रमगुणित काढणे हा प्रात्यक्षिकाच्या वहीतील नेहमीचा प्रयोग आहे. टर्बो सी++ मध्ये साधी पूर्णांक संख्या सोळा अंकस्थानांत मांडली जाते व तिची कमाल मर्यादा ३२,७६७ एवढी असते. सातचे क्रमगुणित ५,०४० असल्याने उत्तर बरोबर येते. आठचे उत्तर मात्र ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ असे दिसते. सध्याच्या कंपायलरमध्ये पूर्णांक सामान्यतः बत्तीस अंकस्थानांचा असून त्यात बाराचे क्रमगुणितही मावते. विद्यार्थ्याने मर्यादेचे तत्त्व शिकणे इष्टच आहे, पण जी मर्यादा त्याला पुढे कोठे भेटणार नाही ती भाषेचा नियम म्हणून त्याच्या मनात रुजणे इष्ट नव्हे.

एवढे असूनही टर्बो सी++ टिकून राहिली, याला कोणा एकाचा हट्ट कारणीभूत नव्हता. अभ्यासक्रम, त्यावरील पुस्तके, प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिकाची वही, बाहेरून येणारे परीक्षक आणि स्वतः त्याच साधनावर शिकलेले शिक्षक, या सर्वांनी परस्परांना धरून ठेवले होते. एकाने पाऊल उचलले तर तोच अडचणीत येई. नव्या पद्धतीने लिहिलेले उत्तर परीक्षकाला चुकीचे वाटेल, ही विद्यार्थ्याची भीती सर्वस्वी अनाठायी नव्हती. पुस्तकांनी काही प्रमाणात वाट मोकळी केली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या देशभर वापरल्या गेलेल्या पुस्तकाच्या आधीच्या आवृत्त्या डॉस व टर्बो सी गृहीत धरीत; पुढील आवृत्त्यांत विंडोज व लिनक्स यांवरील प्रकरणे आली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने सी व सी++ यांचे ध्वनिचित्रपाठ लिनक्सवरील जीसीसीच्या आधारे तयार केले व ते मराठीतूनही उपलब्ध करून दिले.

दरम्यान संगणक बदलत होते. चौसष्ट अंकस्थानांच्या विंडोजवर डॉससाठीच्या सोळा अंकस्थानी आज्ञावली चालत नाहीत. अशा वेळी टर्बो सी++ सोडून देण्याऐवजी डॉसबॉक्स या आज्ञावलीच्या साहाय्याने नव्या संगणकातच जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करण्यात आली व तीत टर्बो सी++ चालविण्याचा प्रघात पडला. नवा, वेगवान संगणक विकत घ्यावा आणि त्याला १९९१ मधील संगणकाचे सोंग घ्यावयास लावावे, यातील विसंगती बोलकी आहे. वस्तुतः जीसीसी विनामूल्य असल्याने येथे पैशाचा प्रश्नच नव्हता. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात उच्च माध्यमिक संगणकशास्त्रात सी++ च्या जागी पायथन आणली, तेव्हा तेथे टर्बो सी++ चा प्रश्न आवृत्ती न बदलता, भाषाच बदलून सुटला.

टर्बो सी++ च्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, तो असा, की चक्रीय आज्ञा, सारणी, फलन या मूलभूत कल्पना कोणत्याही साधनावर सारख्याच शिकता येतात. तो मर्यादित अर्थाने खरा आहे. मोठ्या शहरातील, घरी संगणक असलेला विद्यार्थी राहिलेली उणीव स्वतः भरून काढतो. केळझरसारख्या गावातून वर्धा वा नागपूर येथे शिकावयास जाणाऱ्या आणि प्रयोगशाळेतील संगणक हाच ज्याचा एकमेव संगणक आहे अशा विद्यार्थ्याला मात्र ती उणीव नोकरीच्या मुलाखतीपर्यंत कळतही नाही. आवृत्ती न बदलण्याचा खर्च संस्थेच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. तो विद्यार्थी भरतो.

पायथनचा आवृत्तिबदल : पायथन भाषेचा इतिहास याच्या उलट टोकाचा, म्हणजे निर्मात्यांनी हेतुपुरस्सर घडविलेल्या बदलाचा आहे. आवृत्ती २.० ऑक्टोबर २००० मध्ये व आवृत्ती ३.० डिसेंबर २००८ मध्ये प्रसृत झाली. दुसऱ्या मालिकेतील कित्येक रचना तिसऱ्या मालिकेत चालणार नाहीत, हे आधीच जाहीर करण्यात आले होते. दुसऱ्या मालिकेतील शेवटची महत्त्वाची आवृत्ती २.७ (२०१०) हिचा आधार २०१५ मध्ये काढून घेण्याचे ठरले होते; तथापि बदलाचा वेग फारच मंद असल्याने ही मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढविण्यात आली.

बदलांपैकी काही वरवरचे होते. काही मात्र अधिक धोक्याचे, कारण त्यांत आज्ञावली थांबत नाही, फक्त उत्तर बदलते. दोन पूर्णांकांचा भागाकार दुसऱ्या मालिकेत पूर्णांकच राही, तिसरीत तो अपूर्णांक झाला. ७ भागिले १२ यांचे उत्तर दुसऱ्या मालिकेत शून्य आणि तिसरीत सु. ०.५८३३ येते. सातबाऱ्यावरील क्षेत्राची हिश्श्यांनी वाटणी करणारी एखादी आज्ञावली असेल, तर हा फरक काय करील ते सांगावयास नको. अशा आज्ञावलीने जुन्या आवृत्तीत बरोबर उत्तरे दिली असतील, तर ती लिहिणाऱ्याने भागाकाराची काळजी अन्य मार्गाने घेतलेली असते आणि नव्या आवृत्तीत तीच काळजी आडवी येऊ शकते.

या स्थित्यंतराचे मूळ कारण मात्र लिपी हे होते आणि म्हणून मराठी वापरणाऱ्यांशी त्याचा निकटचा संबंध आहे. दुसऱ्या मालिकेत साधा मजकूर म्हणजे बाइटांची एक माळ असे. रोमन लिपीतील प्रत्येक अक्षर एका बाइटात मावत असल्याने ही कल्पना इंग्रजीला पुरे. देवनागरीतील चिन्हांना युनिकोड या संकेतप्रणालीत स्वतंत्र क्रमांक असून यूटीएफ-८ या प्रचलित मांडणीत प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील ‘केळझर’ या गावाचे नाव उदाहरणादाखल घेऊ. त्याची लांबी विचारल्यास पायथनची दुसरी मालिका १५ असे उत्तर देते, कारण ती बाइट मोजते. तिसरी मालिका ५ असे उत्तर देते, कारण ती क, एकाराची मात्रा, ळ, झ व र अशी चिन्हे मोजते. मराठी वाचक के, ळ, झ, र अशी चारच अक्षरे मोजेल.

हा फरक केवळ मोजणीपुरता नाही. गावाच्या नावासाठी दहा स्थाने राखून ठेवणाऱ्या जुन्या आज्ञावलीत या नावाचे पहिले दहा बाइटच शिल्लक राहतात. त्यांपैकी नऊ बाइटांत ‘केळ’ पुरे होते व दहावा बाइट झ या चिन्हाचा पहिला तुकडा असल्याने पडद्यावर ‘केळ’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन उमटतो. याहून घातक प्रकार निराळाच होता. दुसऱ्या मालिकेत बाइटांचा मजकूर व युनिकोड मजकूर हे दोन प्रकार एकत्र जोडता येत आणि जोपर्यंत मजकूर रोमन असे, तोपर्यंत जोडणी निर्वेध होई. पहिले देवनागरी नाव येताच आज्ञावली त्रुटी दर्शवून थांबे. म्हणजे रोमन नावांवर चाचणी घेतलेली आज्ञावली निर्दोष ठरे आणि तिचा दोष प्रत्यक्ष वापरात, मराठी नाव असलेल्या माणसाच्या नोंदीवर उघड होई. तिसऱ्या मालिकेने या दोन प्रकारांची सरमिसळच अशक्य केली. पूर्वी अधूनमधून होणारी चूक आता प्रारंभीच व प्रत्येक वेळी दिसू लागली. बदल त्रासदायक वाटला तो यामुळे, पण त्रास जुन्या घोटाळ्याचा होता.

तरीही २००९ मध्ये घाईने बदल करणारे शहाणे ठरले असे म्हणता येत नाही. एकटी भाषा पुढे जाऊन भागत नाही. तिच्यावरील लायब्ररी मागून याव्या लागतात. गणितासाठीची नमपाय २०१० मध्ये तिसऱ्या मालिकेवर चालू लागली, संकेतस्थळे उभारण्यासाठीची जँगो २०१३ मध्ये. तोपर्यंत नवी भाषा हाती असूनही काम अडून राही. पुढे पारडे फिरले. जँगोच्या २.० या आवृत्तीने (डिसेंबर २०१७) आणि नमपायच्या १.१७ या आवृत्तीने (२०१९) दुसऱ्या मालिकेची साथ सोडली आणि मागे राहिलेल्यांना जुन्या भाषेबरोबर जुन्या लायब्ररींतही अडकावे लागले. साधारण २०१३ ते २०१८ हा बदलास अनुकूल काळ होता, असे आता मागे वळून पाहता दिसते. लायब्ररींची तयारी हीच अशा काळाची खूण असते. भाषेच्या प्रसृतीची तारीख नव्हे.

‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पालाही हा प्रश्न टळला नाही. पायथनवरील आधीच्या पाठांनंतर ३.४.३ या आवृत्तीवर पाठांची स्वतंत्र मालिका तयार करावी लागली आणि ३.४ या आवृत्तीचा आधारही मार्च २०१९ मध्ये संपला. शिक्षणसाहित्याला प्रत्येक आवृत्तीचा पाठलाग करणे शक्य नसते व आवश्यकही नसते. ३.४ वर शिकलेले जवळजवळ सर्व पुढील आवृत्त्यांत उपयोगी पडते. दुसऱ्या मालिकेवर शिकलेल्याबाबत असे म्हणता येत नव्हते. पहिला अंक आणि दुसरा अंक यांतील भेद येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

नव्या आवृत्तीने न सुटणारे प्रश्न : भाषेबरोबर वर्णचिन्हांच्या माहितीचीही आवृत्ती बदलत असते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. मराठीतील ‘ॲ’ या स्वरचिन्हाला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो आवृत्ती ५.१ मध्ये, म्हणजे २००८ साली. जावा भाषेची सहावी आवृत्ती (२००६) युनिकोड ४.० वर आधारलेली असल्याने तिच्या लेखी हे अक्षरच नव्हते. सातव्या आवृत्तीत (२०११) युनिकोड ६.० आल्यावर त्याला अक्षर म्हणून मान्यता मिळाली. नावात अक्षरे व मात्रा यांखेरीज काही चालणार नाही अशी तपासणी करणारी सहाव्या आवृत्तीतील आज्ञावली एखाद्या वकिलाच्या नावामागील ‘ॲड.’ नाकारील. मात्र आवृत्ती बदलल्याने आधी साठविलेला मजकूर बदलत नाही. २००८ पूर्वी व त्यानंतरही हा स्वर अ व चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिला गेला. दोन्ही रूपे डोळ्यांना एकसारखी दिसतात, संगणकाला ती भिन्न असतात आणि एकाचा शोध घेतला असता दुसरे सापडत नाही. अशा नोंदी एकरूप करण्याचे काम वेगळे करावे लागते.

पायथनच्या तिसऱ्या मालिकेविषयीही अवास्तव अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. शब्द शोधण्यासाठी तिच्या मूळ लायब्ररीत असलेले साधन मात्रांना शब्दाचा भाग मानीत नाही. त्यामुळे ‘केळझर’ या एका शब्दाचे ‘क’ आणि ‘ळझर’ असे दोन तुकडे पडतात व मधली मात्रा गळते. क्रमवारीचेही तसेच. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे असल्याने चिन्हांच्या क्रमांकानुसार केळझर, केवडा, केशर असा क्रम लागतो. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येत असल्याने तो केवडा, केशर, केळझर असा हवा. कोश वा मतदारयादी तयार करणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटणार नाही. मराठी वर्णक्रमाचे नियम स्वतंत्रपणे पुरविल्यावाचून कोणत्याही नव्या आवृत्तीने तो आपोआप दूर होत नाही.

सुरक्षितता व परिसराचा दाब : निर्णय लांबविण्याला बाहेरून मर्यादा पडते. आधार संपलेल्या आवृत्तीतील दोष सापडले तरी दुरुस्त केले जात नाहीत. तसेच जाळ्यावरील इतर संगणक जुन्या पद्धतीने बोलण्याचे नाकारू लागतात. कार्डाद्वारे होणाऱ्या व्यवहारांच्या सुरक्षामानकाने टीएलएस १.० ही सांकेतिक संदेशपद्धती सोडण्यासाठी ३० जून २०१८ ही मुदत दिली होती. त्याहून नवी पद्धत न जाणणाऱ्या साधनांवरील आज्ञावली स्वतः निर्दोष असूनही व्यवहारापासून तुटण्याची पाळी आली.

तथापि नवे ते सुरक्षित, असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत अत्यंत गंभीर दोष आढळला. तो दुसऱ्या मालिकेत होता. आधार २०१५ मध्येच संपलेल्या पहिल्या मालिकेत तो त्या स्वरूपात नव्हता. त्याच महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या एकामागून एक काढाव्या लागल्या. या प्रसंगी ज्यांना तीन आठवड्यांत चार वेळा बदल सहज करता आला, ते आधीपासून वारंवार लहान बदल करीत आलेले होते. बदलाची सवय हीही एक तयारी असते. पहिल्या मालिकेवर राहिलेले त्या वेळी बचावले, पण त्यांच्या मालिकेतील अन्य दोषांना वाली उरला नव्हता.

निर्णयाची पद्धत : प्रथम सध्याच्या आवृत्तीचा आधार केव्हा संपतो ते पाहिले जाते. जावासारख्या काही साधनांच्या ठरावीक आवृत्त्या दीर्घकाळ सांभाळल्या जातात (उदा., जावाच्या ८, ११, १७ व २१), तर मधल्या आवृत्त्या अल्पजीवी असतात. कामकाजाच्या आज्ञावलीसाठी पहिल्या प्रकारच्या आवृत्त्या निवडणे सोयीचे. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला सामान्यतः पाच वर्षे आधार मिळतो व नवी आवृत्ती दरवर्षी निघते. त्यामुळे दोन-तीन वर्षांतून एकदा बदल करणारी संस्था मागे पडत नाही. यानंतर आज्ञावली कोणकोणत्या लायब्ररींवर अवलंबून आहे त्यांची यादी करून त्या नव्या आवृत्तीवर चालतात का, हे पडताळले जाते. हीच पायरी पुष्कळ ठिकाणी गाळली जाते, आणि बदल फसण्याची बरीच कारणे येथेच सापडतात.

प्रत्यक्ष बदल मूळ आज्ञावलीवर न करता तिच्या प्रतीवर करतात. एकच माहिती जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांना देऊन उत्तरे ताडून पाहतात. ही माहिती रोजच्या वापरातील असावी; तीत ळ, ऱ्य, ॲ, जोडाक्षरे, दोन नावांमधील मोकळ्या जागा, शून्य व ऋण संख्या यांचा समावेश असल्याखेरीज चाचणीला अर्थ नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. भाषा, लायब्ररी व संगणक एकदम बदलल्यास बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. परत मागे येण्याची वाट आधी आखलेली असावी. काळवेळही महत्त्वाची आहे. पतसंस्था किंवा शासकीय कार्यालय यांनी मार्चअखेरीस हे काम काढू नये, हे उघड आहे. महाविद्यालयात बदल प्रथम वर्षाच्या वर्गापासून, सत्राच्या आरंभी केल्यास एका तुकडीचे शिक्षण एकाच आवृत्तीवर पुरे होते. मात्र त्यापूर्वी प्रात्यक्षिकाची वही व परीक्षकांसाठीच्या सूचना नव्या आवृत्तीप्रमाणे तयार हव्यात. शिक्षकांना उन्हाळ्याची सुटी मिळावी हेही त्यातच आले.

काही ठिकाणी जुनी आवृत्ती ठेवणेच योग्य ठरते. कारखान्यातील यंत्र चालविणारा, जाळ्याला न जोडलेला संगणक, काही महिन्यांत बंद व्हावयाची आज्ञावली किंवा प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील गणिते ही अशी उदाहरणे होत. संशोधनात तर वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक नोंदलेला नसल्यास तेच उत्तर पुन्हा मिळविणे दुष्कर होते. जुने साधन मोडीत काढण्यापूर्वी त्यावर तयार झालेला मजकूर वाचण्याची अन्य सोय आहे की नाही, हे पाहणेही आवश्यक असते. महाराष्ट्रातील मुद्रणालयांचा अनुभव या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी पुस्तके अडोबीच्या पेजमेकरमध्ये श्रीलिपी, आकृती यांसारख्या निरनिराळ्या संकेतांच्या फाँटांत जुळविली गेली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ मध्ये निघाली. त्या फाईली विशिष्ट फाँटावाचून उघडल्यास मराठीच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. त्यांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर होऊन त्याचे मुद्रितशोधन पुरे होईपर्यंत जुना फाँट, जुने पेजमेकर आणि ते चालविणारा एखादा जुना संगणक जपून ठेवावा लागतो.